मुद्रक कोण?

आमच्या पुण्यातल्या कसबा पेठेत प्रिंटर कोणाचा यावरून भांडण होत नाही; प्रिंट कोणी काढली यावरून होतं. मी या पेठेत नेटवर्कची कामं करतो. माझी गिऱ्हाइकं म्हणजे दोन खोल्यांतलं सीएचं ऑफिस, वकिलांची चेंबर, पतसंस्था, शाळेची कचेरी, तांब्यापितळेच्या भांड्यांची पेढी आणि गणपतीच्या आगेमागेच उघडणारं एखाद्या मंडळाचं कार्यालय. संगणक पाच-सात, प्रिंटर एक. फोन येतो तो 'प्रिंटर दिसत नाहीये' असा. तिथे जाऊन बसलं, चहा झाला, की खरी तक्रार बाहेर येते. पगाराचा तक्ता ट्रेमध्ये पडून राहिला आणि सगळ्यांनी वाचला. रंगीत कार्ट्रिज महिना पुरलं नाही. कोणीतरी ऑफिसच्या लेटरहेडवर भलतंच पत्र काढून नेलं. कोणी? ते सांगता येत नाही, कारण सगळे संगणक एकाच नावाने उघडतात आणि पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली असते.

लोकांना वाटतं, हा ताप संगणकाने आणला. मला तसं वाटत नाही. कागद काढायची मुभा कोणाला आणि निघालेल्या कागदाला जबाबदार कोण, हे दोन प्रश्न या पेठेच्या आसपास साडेतीनशे वर्षं विचारले जात आहेत. आधीच्यांनी त्यांची आपापल्या परीने उत्तरं दिली. आम्ही मात्र प्रिंटर सामायिक केला आणि उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

लाल महाल कसब्यातला, म्हणून सुरुवात तिथून करतो. शिवकाळातल्या कारभारात सरकारी पत्र एका हाताने पुरं होत नसे. मजकूर चिटणिसाकडे सिद्ध व्हायचा. राजपत्र तपासून त्यातलं अधिकउणं अक्षर नीट करायचं काम सुरनिसाचं. राज्याभिषेकानंतर त्यालाच सचिव म्हणू लागले. मग वर शिक्का आणि मजकूर संपेल तिथे छोटी मुद्रा, म्हणजे मोर्तब. मोर्तबाचा हेतू अगदी रोकडा होता: त्याखाली मागाहून कोणी चार ओळी घुसडू नयेत. पेशवाईत हीच शिस्त शनिवारवाड्याच्या फडावर, म्हणजे कचेरीत, वाढली. पत्राच्या पाठीवर 'बार', 'रुजू' असे शेरे पडू लागले, म्हणजे दफ्तरी नोंद झाली आणि ताडून पाहिलं. लिहिणारा, तपासणारा, शिक्का बाळगणारा आणि नोंद ठेवणारा अशी माणसं वेगवेगळी. एकाने लबाडी करायची म्हटली तरी बाकीच्यांच्या हाताखालून कागद गेल्याशिवाय तो खरा ठरत नसे.

वाचायच्या परवानगीचा किस्साही इथलाच आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि ही लाखो मोडी कागदपत्रं इंग्रजांच्या ताब्यात गेली. पुढे १८९१ साली त्यांच्यासाठी पुण्यात पेशवे दफ्तराची दगडी इमारत उभी राहिली. कागद आमच्या पूर्वजांचे, गाव आमचं, पण आत जाऊन रुमाल सोडायची मोकळीक अभ्यासकांना कित्येक वर्षं नव्हती. गोविंद सखाराम सरदेसायांच्या हाती ते काम आलं आणि १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड छापून बाहेर पडले, तेव्हा कुठे लोकांना आपलंच दफ्तर वाचायला मिळालं. अधिकार कोणाला द्यायचा हे ठरवणं आलं, तसं कोणाला नाकारला आणि का, याचं कारण देणंही आलं.

शिक्कामोर्तबाची ही सगळी व्यवस्था हाताने लिहिलेल्या कागदासाठी होती. छपाईचं यंत्र आल्यावर ती अपुरी पडली. या यंत्राचा पहिला प्रयत्न पुण्यात झाला तो तांबटाच्या हातून. अनंत काकबा प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणकलेच्या इतिहासात ती हकिकत दिली आहे. नाना फडणिसांच्या मनात भगवद्गीता छापायचं आलं. इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या मदतीने एका तांबटाला तांब्यावर अक्षरं कोरायला शिकवलं गेलं. नानांच्या हयातीत ते काम तडीला गेलं नाही. तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला आणि १८०५ साली तिथे गीता छापून निघाली. तो तांबट कोणत्या घरचा, हे कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण पुण्याच्या तांबटांची आळी कसब्यातच आहे आणि तिथे हातोडीचे ठोके अजून ऐकू येतात. हातकागद करणाऱ्या कागद्यांची वस्ती, कागदीपुरा, तीही याच पेठेत. म्हणजे छपाईला लागणारा कागद आणि धातू या दोन्हींचे जाणकार हाकेच्या अंतरावर राहत होते.

छापलेली प्रत आणि लिहिलेली प्रत यांत मोठा फरक होता. लिहिलेल्या पत्रावर हात ओळखू यायचा. छापलेल्या शंभर प्रती एकसारख्या. त्यांत हात कोणाचा शोधणार? प्रत्येक प्रतीवर मोर्तब करत बसायचं तर छापायचं कशाला? मग जबाबदारी यंत्र बाळगणाऱ्यावर टाकणं एवढाच मार्ग उरला. इंग्रज सरकारने १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने, म्हणजे छापखाने व पुस्तकांच्या नोंदणीच्या कायद्याने, नेमकं तेच केलं. छापखाना बाळगणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन लेखी सांगायचं की अमुक जागी माझ्याकडे छापखाना आहे. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि पत्रावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण ठळक यायलाच हवं. प्रसिद्ध होणारा मजकूर असेल तर प्रकाशकाचंही नाव हवं. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी 'हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून प्रसिद्ध केले' अशी बारीक टायपातली प्रिंटलाइन असते, ती या कायद्याची देणगी.

माझे वडील ट्रेडलवर काम करायचे. आमंत्रणपत्रिका असो की सोसायटीचा अहवाल, खिळे जुळवून झाले की प्रिंटलाइन लावल्याशिवाय फर्मा आवळत नसत. घाई असलेलं गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, ती ओळ कोण वाचतंय? वडील म्हणायचे, वाचणारा पोलीस असला की वाचतो.

ही थट्टा नव्हती, आणि पुण्याला ते चांगलं ठाऊक होतं. १८९७ साल प्लेगचं. जूनमध्ये केसरीत शिवराज्याभिषेक उत्सवाचं वृत्त आणि त्याला धरून आलेला मजकूर छापला गेला. आठवड्याभरात, २२ जूनला, गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. मुंबई हायकोर्टात आरोपीच्या पिंजऱ्यात टिळक एकटे नव्हते. त्यांच्या शेजारी केशव महादेव बाळ उभे होते, का, तर केसरीचे मुद्रक म्हणून त्यांचं नाव लागलेलं होतं. टिळकांना नऊपैकी सहा ज्युरींनी दोषी ठरवलं आणि दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. बाळ सुटले. टिळकांची शिक्षा शाळेतल्या पोरालाही पाठ असते. मुद्रकाचं नाव खटल्याच्या मथळ्यात असूनही कोणाला आठवत नाही. मला त्यांच्याबद्दल नेहमी वाटतं की लेखणी दुसऱ्याची असताना यंत्रावर आपलं नाव लावणं, हेही धैर्याचंच काम.

सरकारलाही कळून चुकलं की लेखकापेक्षा मुद्रकाला धरणं सोपं. लेखक टोपणनाव घेऊ शकतो, यंत्र जागचं हलत नाही. १९१० च्या प्रेस कायद्याने नव्या छापखानदाराकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत अनामत मागायची सोय केली. आक्षेपार्ह काही छापलं तर ती जप्त. त्या काळी ५०० रुपये म्हणजे लहान छापखान्याचं कंबरडं. मग मालक स्वतःच आधी मजकूर वाचायचा आणि नको ते परत पाठवायचा. सरकारला सेन्सॉर नेमायची गरजच पडेना.

या सगळ्याला वळसा घालणारं यंत्र म्हणजे सायक्लोस्टाइल. टाइपरायटरवर स्टेन्सिल काप, रूळ फिरव, प्रती काढ, स्टेन्सिल जाळून टाक. १९४२ च्या चळवळीतली भूमिगत पत्रकं आणि १९७५ च्या आणीबाणीतली गुपचूप वाटलेली पत्रकं याच जातीची. त्यांवर मुद्रकाचं नाव नसे आणि नसणंच योग्य होतं. कायद्याने पुढे सायक्लोस्टाइललाही छपाईच्या व्याख्येत ओढून घेतलं, पण रूळ फिरवणाऱ्याला पकडणं कठीणच राहिलं. हे मुद्दाम सांगतो, कारण निनावी छपाई म्हणजे दरवेळी लबाडीच असते, असं मी म्हणत नाही.

आता आमच्या धंद्याचा काळ. नव्वदीच्या सुरुवातीला अप्पा बळवंत चौकापासून कसब्यापर्यंत डीटीपीची दुकानं झाली आणि खिळ्यांच्या केसेस भंगारात गेल्या. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी घेतलं की त्याबरोबर डोंगल यायचं: बोटभर प्लॅस्टिकचं कुलूप. ते संगणकामागच्या प्रिंटरच्या पोर्टात बसवायचं आणि प्रिंटरची वायर त्याच्या पाठीत खोचायची. डोंगल निघालं की मराठी अक्षर निघेना. दुकानाचे मालक रात्री शटर ओढताना डोंगल काढून खिशात घालून घरी न्यायचे. परवाना कागदावरून निघून प्लॅस्टिकमध्ये आला होता, पण ताब्यात ठेवता येत होता. दोन संगणकांना एक प्रिंटर असेल तर मध्ये खटका असलेली पेटी असायची. ज्याला प्रिंट हवी त्याने उठून खटका फिरवायचा. उठलेला माणूस सगळ्यांना दिसायचा. नोंद नसली तरी साक्षीदार होते.

मग नेटवर्क आलं आणि उठायची गरज संपली. मायक्रोसॉफ्टने १९९२ साली वर्कग्रुपसाठीचं विंडोज काढलं, त्यात फाइल आणि प्रिंटर वाटून घ्यायची सोय होती. कसब्यात ही सोय रुजली ती विंडोज ९८ वर. सुरू करताना ते नाव आणि पासवर्ड विचारायचं खरं, पण 'कॅन्सल' दाबलं तरी आत घ्यायचं. एका पिढीने लॉगिन म्हणजे दाबून टाकायची चौकट, हे तिथे शिकून घेतलं. चौकटीच्या खिळ्याला किल्ली अडकवून ठेवून दाराला भारी कुलूप लावावं, तसे ते पासवर्ड होते. पुढच्या विंडोजमध्ये खरे अधिकार आले: छापण्याचा, रांगेतले कागद हाताळण्याचा आणि प्रिंटरच हाताळण्याचा, असे तीन वेगळे. फडावरच्या कारकुनांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. पण सामायिक प्रिंटर उभा केला की छापण्याच्या अधिकारापुढे मुळात 'एव्हरीवन' असतं, म्हणजे झाडून सगळे. ते बदलायला कोणी जात नाही.

नेटवर्कवरच्या प्रिंटरची गोष्ट आणखी निराळी. तो ९१०० नंबरच्या पोर्टवर कान लावून बसलेला असतो आणि जे येईल ते छापतो. कोण बोलतंय हे विचारायची त्याला रीतच नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत एका हॅकरने जगभरच्या उघड्या प्रिंटरांवर स्वतःचा मजकूर छापून दाखवला आणि आकडा दीड लाखाच्या वर असल्याचा दावा केला. त्यातले कित्येक लहान दुकानांचे, पावत्या काढणारे होते.

२०२१ मध्ये मात्र आमची झोप उडाली. विंडोजमध्ये छपाईची रांग सांभाळणारी स्पूलर नावाची सेवा आहे. ती संगणकावरच्या सर्वोच्च अधिकाराने चालते आणि नव्या प्रिंटरचा ड्रायव्हर बसवून घेते. साध्या लॉगिनवाल्या कोणालाही ड्रायव्हर म्हणून विषारी फाइल पुढे करून अख्खा संगणक ताब्यात घेता येतो, असं त्या जूनमध्ये उघड झालं. त्या भोकाला 'प्रिंटनाइटमेअर' म्हणतात. मायक्रोसॉफ्टने ६ जुलैपासून घाईघाईने दुरुस्त्या सोडल्या. ऑगस्टनंतर ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचा अधिकार लागू लागला आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर जागोजागचे सामायिक प्रिंटर बंद पडले. शेवटी ११बी असलेली ती एरर आमच्या धंद्यातला कोणी विसरणार नाही. त्यावर सर्रास उपाय काय झाला? अपडेट काढून टाका, नाहीतर रजिस्ट्रीत एक आकडा शून्य करा. प्रिंटर चालू आणि भोकही चालू. एका ऑफिसात मालक मला म्हणाले, "तुम्ही फार खोलात जाता. आधीच्या माणसाने पाच मिनिटांत केलं होतं." आधीच्या माणसाने काय केलं होतं, तेच काढायला मला दुपार लागली.

आता मी करतो ते थोडक्यात. प्रत्येक माणसाला त्याच्या नावाचं लॉगिन, आणि ते ॲडमिनचं नाही, मालकाचंसुद्धा. 'एव्हरीवन' काढून त्या जागी गट: हिशेबाचा, कचेरीचा, उमेदवारी करणाऱ्यांचा. रंगीत छपाई ज्याला लागते त्यालाच. ज्याने कागद पाठवला त्याला तो रांगेतून काढता येतो. दुसऱ्याचा काढायचा अधिकार एकाच जबाबदार माणसाकडे. प्रिंटर थेट कोणाशी बोलत नाही, छपाई सांभाळणाऱ्या एकाच संगणकाशी बोलतो, आणि ९१०० चा दरवाजा बाकीच्यांना बंद. पाहुण्यांचं वायफाय वेगळं. प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायचा. पगारपत्रकासारखा कागद पिनवर ठेवायचा, म्हणजे मशीनसमोर उभं राहून आकडे दाबल्याशिवाय तो बाहेर येत नाही. स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकणाऱ्या मशीनला मालकाचा पासवर्ड न देता त्याच एका फोल्डरपुरता वेगळा युजर द्यायचा. आणि भाड्याचं कॉपिअर परत जाताना त्यातली डिस्क पुसायची.

शेवटचं काम नोंदीचं. कोणी, कधी, किती पानं काढली याची वही विंडोजमध्ये असते, पण ती मुळात बंद असते. चालू करावी लागते. मी ती करतो, आणि सगळ्यांना सांगून करतो.

'सांगून' या शब्दावर मी अडून बसतो, कारण मुद्रकाच्या नावाचा इतिहास दोन्हीकडून कापतो. १८६७ ची ओळ जबाबदारीची होती आणि पाळतीचीही. आजही तेच. कित्येक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर फिक्या पिवळ्या ठिपक्यांची जाळी उमटवतात. डोळ्यांना ती दिसत नाही. २००५ साली अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने झेरॉक्सच्या एका मॉडेलची जाळी उलगडून दाखवली: त्यात मशीनचा नंबर, तारीख आणि वेळ होती. ही प्रिंटलाइनच, फक्त गिऱ्हाइकाला न सांगता छापलेली. म्हणून नोंद ठेवावी ती थोडी, ठरलेल्या मुदतीची, मजकुराची नव्हे तर नाव आणि पानांची, आणि ती कोण पाहू शकतो हे भिंतीवर लिहून.

काही जणांना वाटतं, घरगुती प्रिंटरला एवढा थाट कशाला. त्यांनी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२७-अ कलम वाचावं. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने स्वतःच्या ओळखीचं, दोन साक्षीदारांच्या सहीचं निवेदन मुद्रकाला द्यायला हवं. आणि हाताने नक्कल करणं सोडून प्रती वाढवायची कोणतीही रीत तिथे छपाईच धरली आहे. म्हणजे २०२३ च्या फेब्रुवारीत कसब्याची पोटनिवडणूक रंगली असताना एखाद्या ऑफिसच्या सामायिक लेझर प्रिंटरवर कोणी प्रचाराची पत्रकं काढली असती, तर कायद्याच्या लेखी ते ऑफिस छापखाना ठरलं असतं. त्याच वर्षी संसदेने १८६७ चा कायदा मोडीत काढून नियतकालिकांचा नवा कायदा केला. १ मार्च २०२४ पासून तो लागू आहे. मॅजिस्ट्रेटपुढचं प्रतिज्ञापत्र गेलं, पुस्तकं त्याच्या कक्षेबाहेर गेली. १२७-अ मात्र जागच्या जागी आहे.

तेव्हा वाचकहो, उद्या ऑफिसात गेलात की तीन गोष्टी बघा. सामायिक प्रिंटरच्या परवानगीत कोणाचं नाव आहे, त्याचा पासवर्ड किती जणांना पाठ आहे, आणि काल निघालेलं एखादं पान कोणाचं हे सांगता येतं का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर तुमच्या कागदाचा मुद्रक कायद्याला हवा तेव्हा मालकच ठरेल. लॉगिनचं काम अर्ध्या दिवसाचं आहे. करून घ्या, माझ्याकडूनच असं नाही, कोणाकडूनही.